पडदा नसलेला वर्ड प्रोसेसर आणि टायपिस्टचं टेबल

प्रश्न थोडक्यात असा: पीसी यायच्या आधी ‘वर्ड प्रोसेसर’ नावाचं स्वतंत्र यंत्र ऑफिसात असायचं, ते नेमकं चालायचं कसं? त्या यंत्रामुळे सेक्रेटरीच्या कामाचे दोन तुकडे पडले म्हणतात, ते खरं का? आणि त्या काळातल्या 8 इंची तबकड्या (फ्लॉपी) कपाटात सापडल्या तर त्यांतला मजकूर आज निघेल का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून मधलाच आधी. तुकडे पडले हे खरं. पण ते कळफलकाने पाडले नाहीत, आणि पडद्यानेही नाहीत. पडदा तर सुरुवातीची कित्येक वर्षं नव्हताच. मजकूर कशावर साठतो आणि यंत्राला किती पैसे मोजावे लागतात, या दोन गोष्टींवर कोण कुठे बसणार ते ठरलं. टेप, कार्ड आणि तबकडी यांनी तीन निरनिराळी ऑफिसं घडवली. ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली, 1964 ते 1985 च्या दरम्यानची. आपल्याकडे ती वेगळ्या वाटेने आली, त्याबद्दल पुढे.

आधीची अडचण काय होती ते पाहू. साध्या टाइपरायटरवर पाच प्रती काढायच्या म्हणजे पाच कागद आणि मध्ये चार कार्बन, असा नऊ पदरी गठ्ठा रोलरवर चढवायचा. विसाव्या ओळीत एक अक्षर चुकलं की वरची प्रत खोडरबराने खोडायची, मग प्रत्येक कार्बनच्या पुढे चिठ्ठी सरकवून खालच्या चारही प्रती एकेक करून. 1950 च्या दशकात बेटी नेस्मिथ ग्रॅहम या अमेरिकन सेक्रेटरीने पांढरा रंग बाटलीत भरून त्याने चुका झाकायला सुरुवात केली आणि त्यातून लिक्विड पेपरचा धंदा उभा राहिला. दुखणं किती सार्वत्रिक होतं ते यावरून कळावं. तरी एका अक्षराची चूक परवडली. वकिलाने 40 पानी करारात तिसऱ्या पानावर चार ओळी घातल्या की पुढची सगळी पानं नव्याने. आणि नव्याने टाइप केलेलं पान म्हणजे नव्या चुकांचं पान. ज्या ओळींना कोणी हातही लावला नव्हता त्याही पुन्हा मुळाशी ताडून बघायच्या. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने नजर ठेवायची.

विक्रेते वेगाचे आकडे सांगत, आणि ते खोटे नव्हते. मिनिटाला 60 शब्द म्हणजे, पाच ठोक्यांचा एक शब्द धरून, सेकंदाला 5 ठोके. पान 2,500 ठोक्यांचं धरलं तर 40 पानांचे 1 लाख ठोके, म्हणजे साडेपाच तास, तेही एकदाही न चुकता आणि पाणी प्यायला न उठता. यंत्र सेकंदाला सुमारे 15 ठोके मारायचं. तेच काम 1 तास 50 मिनिटांत. पण माझ्या मते खरी बचत ताडणीत होती. एकदा तपासलेली ओळ टेपवर गेली की ती जशीच्या तशी बाहेर येते. तपासायच्या त्या फक्त बदललेल्या ओळी.

या सगळ्याचा पाया म्हणजे आयबीएमने 1961 साली आणलेला सिलेक्ट्रिक टाइपरायटर. त्यात अक्षरांच्या दांड्यांचा पंखा नाही, सरकणारी कॅरेज नाही. कागद जागेवर राहतो आणि गोल्फच्या चेंडूएवढा गोळा ओळीवरून सरकत जातो. गोळ्यावर चार आडव्या रांगा, प्रत्येकीत 22 अक्षरं, एकूण 88. कळ दाबली की तिच्याखालची पट्टी हलते. पट्टीला खालून दात असतात, आणि कुठले दात ठेवलेत, कुठले कापलेत त्यावरून सहा दांड्यांपैकी कुठल्या हलणार ते ठरतं. गोळा किती कलायचा आणि किती फिरायचा, ते या दांड्या ठरवतात. म्हणजे दाबलेलं अक्षर आधी ‘हो-नाही’च्या सहा खुणांत उतरतं आणि मग कागदावर उमटतं. टाइपरायटरला नकळत संगणकाची बाराखडी येत होती! त्या दांड्यांना विजेचे संपर्क जोडले की खुणा बाहेर नेता येतात. विद्युतचुंबक जोडले की बाहेरून खुणा पाठवून गोळा नाचवता येतो.

जुनी सिलेक्ट्रिक हाताळणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. गोळा फिरवणारी आणि कलवणारी अशा दोन पातळ पोलादी पट्ट्या असतात. फिरवणारी तुटली की कुठलीही कळ दाबा, भलतंच अक्षर येतं. कलवणारी तुटली की सगळी अक्षरं एकाच रांगेतून येऊ लागतात. गोळ्याच्या खालच्या कडेचा एखादा दात मोडला असेल तर ठरावीक अक्षरंच बिघडतात, बाकी सगळं ठणठणीत. अशा वेळी कळफलक उघडत बसू नये, गोळा बदलून बघावा. आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रात वंगण मेणासारखं घट्ट होतं, मग एका ठोक्याला दोन अक्षरं किंवा एकही नाही. त्यावर नवं तेल सोडलं की चार दिवस चालतं आणि पुन्हा अडतं. जुनं वंगण धुऊनच काढावं लागतं.

आपोआप टाइप करणारी यंत्रं त्याआधीही होती. ऑटोटायपिस्ट भोकं पाडलेल्या गुंडाळीवर चालायचं, फ्लेक्सोरायटर कागदी फितीवर. पण एकदा पाडलेलं भोक बुजत नाही. 1964 साली आयबीएमने सिलेक्ट्रिकला चुंबकीय टेप जोडली आणि मजकूर पुसता येऊ लागला. मॅग्नेटिक टेप सिलेक्ट्रिक टाइपरायटर, तोंडी नाव एमटी/एसटी. टाइपरायटरच्या बाजूला टेपचं खोकं, त्यात एक किंवा दोन खाने. टेप सिनेमाच्या फिल्मसारखी कडेला भोकांची, म्हणजे दातेरी चाकाने एकेक पाऊल सरकवता येणारी. 100 फूट टेप, इंचाला 20 अक्षरं, म्हणून एका काट्रिजमध्ये 24,000 अक्षरं. वर दिलेला 40 पानी करार चार काट्रिज भरून पाचव्यात जाणार. किंमत 10,000 डॉलरच्या घरात.

टायपिस्ट नेहमीसारखी टाइप करते. कागदावर उमटतं तेच टेपवर जातं. चूक झाली की बॅकस्पेस मारून बरोबर अक्षर त्यावरच ठोकायचं. कागदावर काळी गिचमीड होते, टेपवर मात्र जुनं अक्षर जाऊन नवं बसतं. हा कागद कच्चाच. पक्की प्रत टेपवरून निघणार. टाइप करणाऱ्याच्या मनावरचं ओझं यानेच उतरलं. चुकेल या भीतीने हात आखडत नाही, त्यामुळे कच्च्या प्रतीचा वेगही वाढतो.

दुरुस्तीची रीत मात्र किचकट. हाताशी छापील खर्डा, त्यावर साहेबांच्या लाल खुणा. मूळ टेप एका खान्यात, कोरी दुसऱ्यात. यंत्र सुरू केलं की ते मूळ टेप वाचत कागदावर टाइप करत जातं आणि त्याच वेळी कोऱ्या टेपवर उतरवत जातं. खूण जवळ आली की ओळीओळीने, मग शब्दाशब्दाने, शेवटी अक्षराअक्षराने पुढे जायचं. नको असलेला शब्द नुसता वाचून वगळायचा, उतरवायचा नाही. नवा मजकूर हाताने टाइप करायचा, तो थेट नव्या टेपवर. मग पुन्हा यंत्र सुरू. गोंधळ व्हायचा तो इथे: थांबायला अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर नको असलेला शब्द आधीच नव्या टेपवर गेलेला असतो. आता दोन्ही टेप मागे घ्यायला हव्यात. एकच मागे घेतली तर तो शब्द दोनदा येतो, नाहीतर नाहीसा होतो, आणि हे कळतं पक्की प्रत निघाल्यावर. समोर पडदा नाही. आपण मजकुरात कुठे आहोत ते कागदावरच्या शेवटच्या अक्षरावरून आणि स्वतःच्या ध्यानावरून.

शब्द घातला की ओळ लांबते. त्यासाठी उजव्या समासाच्या आधी काही अक्षरांचा पट्टा राखलेला असतो. त्या पट्ट्यात मोकळी जागा आली की यंत्र तिथेच ओळ तोडतं. लांब शब्दामुळे मोकळी जागा मिळालीच नाही तर यंत्र थांबतं, आणि शब्द कुठे तोडायचा ते माणसाने ठरवायचं. म्हणून रिटर्न दोन प्रकारचे झाले: ओळीचा साधा, जो यंत्राला हलवता येतो, आणि परिच्छेदाचा पक्का, जो हलता कामा नये. हायफनचंही तसंच, ओळ तोडण्यापुरता घातलेला वेगळा, जोडशब्दातला वेगळा. आकड्यांचा तक्ता साध्या रिटर्नने टाइप केला की पुढच्या दुरुस्तीत सगळे स्तंभ एकाच परिच्छेदात वाहून जात. आजही स्पेसबार ठोकठोकून स्तंभ जुळवणारी मंडळी दिसतात, त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

एकाच पत्राच्या शंभर प्रती निरनिराळ्या नावांनी काढायच्या तर मजकुरात थांबा-खूण घालायची. यंत्र तिथे थांबतं, टायपिस्ट नावपत्ता टाइप करते, यंत्र पुढे जातं. दोन खान्यांच्या यंत्रात एका टेपवर पत्र आणि दुसरीवर नावांची यादी. खूण आली की यंत्र या टेपवरून त्या टेपवर उडी मारतं. एखाद्या पत्त्यात एक ओळ कमी पडली की पुढच्या प्रत्येक पत्रात शहराच्या जागी आडनाव.

आता ऑफिसाकडे वळू. टेपवरचा मजकूर एकामागे एक रचलेला. मधलं एक पत्र हवं तर खुणेचा क्रमांक देऊन टेप पळवायची आणि थांबायचं. त्यामुळे टेपला आवडायची लांबलचक, पुन्हा पुन्हा सुधारली जाणारी कामं: करार, अहवाल, निविदा, यंत्रांच्या पुस्तिका. साहेबांचं दोन ओळींचं पत्र टेपवर करणं म्हणजे तोफेने चिमणी मारणं. त्यात यंत्र एवढं महाग की दिवसातून दोन तास चालवून भागत नाही. म्हणून एकेका सेक्रेटरीकडे यंत्र देण्याऐवजी एका खोलीत यंत्रं मांडायची आणि सगळ्या विभागांचं टायपिंग तिथे आणायचं, असा हिशेब निघाला. हेच ते वर्ड प्रोसेसिंग सेंटर. नावामागची कल्पनाही आयबीएमच्या घरातली: जर्मनीतल्या आयबीएमच्या उलरिश श्टाइनहिल्पर यांनी 1950 च्या दशकात ‘टेक्स्टफेरआरबायटुंग’ म्हणजे मजकूर-प्रक्रिया हा शब्द पुढे केला होता, आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने ‘वर्ड प्रोसेसिंग’ म्हणून टेपचं यंत्र विकायला सुरुवात केली. सोबत ऑफिसाची नवी रचनाही विकली. एका साहेबामागे एक सेक्रेटरी ही जोडी मोडायची. काही जणी फक्त टाइप करणार, काही जणी फोन, भेटी, फायली आणि टपाल सांभाळणार. टाइप करणाऱ्या त्या एका खोलीत बसणार, बाकीच्यांपैकी चार-पाच साहेबांना मिळून एक.

साहेब आणि टायपिस्ट यांच्यामध्ये आता डिक्टेशनचं यंत्र आलं. साहेब फोन उचलून बोलणार, सेंटरमध्ये ध्वनिमुद्रण होणार, कोणीतरी कानाला लावून टाइप करणार. कागदाचा प्रवास साधारण असा: काम आलं की नोंदवहीत क्रमांक, विभाग, पानं, तातडी, मग टायपिंग, मग तपासनीस, मग खर्डा परत, लाल खुणांसह पुन्हा तोच क्रमांक. इथे सगळ्यात महाग चूक म्हणजे दुसरी दुरुस्ती पहिल्या टेपवर करणं. छापील खर्ड्याच्या कोपऱ्यात टेपचा क्रमांक आणि दुरुस्तीची पायरी टाइप करायची शिस्त त्यातून आली. आज फाइलच्या नावापुढे ‘शेवटचं-नवीन-2’ लिहिणाऱ्यांपेक्षा ती बरी होती.

कामाची मोजणी ओळींवर. मोजता येतं ते मोजलं जातं, आणि टेपवर ओळी मोजणं सोपं. पूर्वीची सेक्रेटरी साहेबांचं वाकडं वाक्य सरळ करायची, चुकलेली तारीख ओळखायची, कारण तिला प्रकरण माहीत असायचं. सेंटरमधली टायपिस्ट जे ऐकू येईल ते टाइप करते. प्रकरण तिचं नाही, आणि ते समजून घ्यायला लागणारा वेळ ओळींत धरला जात नाही. त्यामुळे खर्ड्यांच्या फेऱ्या वाढल्या. दुरुस्ती फुकटात होते असं वाटू लागल्यावर साहेबही पाचव्यांदा शब्द बदलू लागले. यंत्राने वाचवलेला वेळ असा परत खर्च झाला. पगाराची पायरीही सेंटरमध्ये अडायची. टायपिस्ट ते पर्यवेक्षक, आणि पुढे रस्ता बंद. 1973 साली बॉस्टनमध्ये ऑफिसातल्या स्त्रियांनी ‘नाइन टू फाइव्ह’ ही संघटना उभारली ती काही फक्त यंत्राविरुद्ध नव्हती, पगार, बढती आणि वागणूक हे तिचे मूळ विषय. पण पुढे पडद्यासमोरच्या कामाचा प्रश्न त्यांनी लावून धरला.

कार्डाने ही रचना थोडी सैल केली. 1969 साली आयबीएमने टेपऐवजी चुंबकीय कार्ड आणलं: पंचकार्डाच्या (जुन्या संगणकांच्या भोकं पाडायच्या कार्डाच्या) मापाचं प्लास्टिकचं पान, त्यावर 50 पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर 100 अक्षरं, एकूण 5,000. एक पट्टा म्हणजे एक ओळ, एक कार्ड म्हणजे एक पान. शोधाशोध संपली. पत्राची प्रत फाइलला लावायची आणि कार्ड तिच्यामागे पाकिटात ठेवायचं. ज्याची फाइल त्याचं कार्ड, म्हणून यंत्र सेंटरबाहेर विभागात ठेवणं शक्य झालं. पण लांब मजकुराचे हाल. तिसऱ्या पानात सहा ओळी घातल्या तर शेवटच्या सहा ओळी चौथ्या कार्डावर, चौथ्याच्या पाचव्यावर, असं शेवटपर्यंत ढकलत न्यायचं. त्यापेक्षा लोक ‘3-अ’ असं पान घालून मोकळे होत. 40 कार्डांचा गठ्ठा हातातून पडला आणि कार्डांवर क्रमांक लिहिलेले नसले तर एकेक कार्ड यंत्रात घालून छापून बघण्याशिवाय इलाज नाही, कारण कार्डाकडे बघून काहीच वाचता येत नाही. 1973 च्या मॅग कार्ड 2 मध्ये 8,000 अक्षरांची स्मृती आली. मग कार्ड आधी स्मृतीत ओतायचं, तिथे दुरुस्त करायचं आणि पुन्हा कार्डावर उतरवायचं. दोन कार्डांची कसरत गेली.

याच काळातलं एक नाव आवर्जून घ्यायला हवं: एव्हलिन बेरेझिन. विमान आरक्षणाची संगणकप्रणाली उभारणाऱ्या या अभियंतीने 1969 साली लाँग आयलंडवर रेडॅक्ट्रॉन कंपनी काढली आणि 1971 पासून ‘डेटा सेक्रेटरी’ विकायला सुरुवात केली. आयबीएमचं यंत्र रिले (विजेने उघड-बंद होणारे यांत्रिक खटके) आणि टेपच्या जोरावर चालायचं. बेरेझिन यांच्या यंत्रात अर्धवाहक चिप होत्या. पडदा त्यालाही नव्हता, टाइप करायला आणि छापायला सिलेक्ट्रिकच. 1976 मध्ये कंपनी बरोझ या संगणक कंपनीने घेतली.

पडदा आणि तबकडी 1970 च्या दशकात जोडीने आले. 1973 च्या व्हायडेक या यंत्रावर अख्खं पान दिसायचं. पण ऑफिसात पडदा रुजवला तो वँगने, 1976 च्या यंत्राने. ॲन वँग यांची ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी आधी कॅल्क्युलेटर विकायची. या यंत्राची खुबी शिकवण्यात होती. कळफलकावर ‘इन्सर्ट’, ‘डिलीट’, ‘मूव्ह’, ‘कॉपी’ अशा नावाच्या कळा. ‘डिलीट’ दाबलं की पडद्यावर विचारणा: काय काढू? खूण नेऊन मजकूर उजळायचा आणि ‘एक्झिक्यूट’ दाबायचं. ‘मूव्ह’ असेल तर आणखी एक विचारणा: कुठे नेऊ? चुकलं तर ‘कॅन्सल’. टायपिस्टला आज्ञा पाठ करायच्या नव्हत्या, फक्त उत्तरं द्यायची होती. ‘ग्लॉसरी’ नावाच्या कळीत नेहमीची वाक्यं, करारातली कलमं, अख्खी पत्रं साठवून एका अक्षरावर बोलावता यायची. मोठ्या संचात अनेक पडदे एकाच डिस्कला जोडलेले असायचे. म्हणजे एकीने सुरू केलेलं काम दुसरी आपल्या टेबलावरून पुढे नेऊ शकते. यंत्र खोलीत ठेवून पडदे विभागात पसरवता येतात. सेंटरच्या भिंतींना पहिली भोकं इथे पडली.

8 इंची तबकडीच्या साध्या मांडणीचा हिशेब असा: 77 वर्तुळं, प्रत्येकात 26 भाग, प्रत्येक भागात 128 अक्षरं, म्हणजे अडीच लाखांच्या थोडं वर. वरच्या मापाने शंभरेक पानं. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका यंत्राची तबकडी दुसऱ्यात चालायची नाही. कंपनी बदलायची म्हटलं की जुना मजकूर पुन्हा टाइप करा, नाहीतर रूपांतर करून देणाऱ्यांना पैसे द्या. गिऱ्हाईक एकदा आलं की सुटायचं नाही.

छपाईसाठी आता फुलाच्या आकाराचं अक्षरचक्र: 96 पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला एक अक्षर, मागून हातोडी. डायब्लो कंपनीचं पहिलं छपाईयंत्र हायटाइप सेकंदाला 30 अक्षरं छापायचं, सिलेक्ट्रिकच्या दुप्पट. एक पाकळी मोडली की अख्ख्या पत्रात ते एकच अक्षर गायब. चक्र बदललं पण यंत्रात अक्षरांचं अंतर बदलायचं राहिलं की ओळीत दात पडल्यासारख्या फटी. आवाज असा की यंत्रावर आवाज दाबणारं झाकण घालावं लागे. आणि कार्बन फिल्मची रिबन, टाइपरायटरची असो वा छपाईयंत्राची, एकदाच वापरायची: वापरलेल्या रिबनवर टाइप झालेलं प्रत्येक अक्षर ओळीने वाचता येतं. गोपनीय पत्र कुलपात आणि रिबन कचऱ्यात, असं सर्रास व्हायचं.

पडद्याने डोळे दुखणं, मान आखडणं, मनगट धरणं आणलं. बऱ्याच ठिकाणी कारण साधं होतं: पडदा खिडकीसमोर, टेबल जुन्या टाइपरायटरच्या उंचीचं, आणि कागद पडद्याच्या बाजूला सपाट. गर्भपाताची धास्तीही पसरली होती. अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पडद्यासमोर काम करणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

शेवटाकडची गोष्ट भराभर सांगण्याजोगी. 1978 मध्ये वर्डस्टार हा छोट्या संगणकावर मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम आला, 1981 मध्ये आयबीएमचा पीसी. आयबीएमचं स्वतःचं डिस्प्लेरायटर 1980 चं. सुटसुटीत यंत्र, पण फक्त टाइप करणारं. पीसीवर तेच काम आणि वर हिशेबाचे तक्तेही. यंत्र स्वस्त झालं तसं सेंटरचं कारणच उरलं नाही. यंत्र टेबलावर परत आलं, पण टायपिस्टच्या नव्हे, साहेबांच्या. दोन भागांत तोडलेलं काम पुन्हा जोडलं गेलं ते साहेबांच्या बोटांत. वँग कंपनी 1992 साली दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे मधला टप्पा जवळजवळ गाळला गेला. गोदरेजने 1955 साली मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, आणि सरकारी कचेरी, कोर्ट, बँक इथे तोच दीर्घकाळ चालला. 1980 च्या दशकात काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर आले आणि मागोमाग पीसीवर वर्डस्टार. यंत्र येणार म्हणजे नोकऱ्या जाणार, ही भीती इथे जास्त खरी होती. म्हणून बँकांत यांत्रिकीकरण किती आणि कुठे करायचं याचा करार 1983 साली कर्मचारी संघटनांशी करावा लागला. मराठीची अडचण तर वेगळीच. मराठी टाइपरायटर अक्षरं लिहीत नाही, आकार लिहितो: ‘ण’ म्हणजे अर्धा ‘ण्’ आणि मग काना, आणि ‘कि’ टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी आधी, ‘क’ नंतर. कागदावर हे चालतं. पण साठवून शोधायचं, क्रमाने लावायचं म्हटलं की काय साठवायचं, आकार की उच्चार? आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलेलं, पीसीत बसवायचं जिस्ट कार्ड उच्चाराच्या बाजूचं: ‘क’ आधी, वेलांटी नंतर, पडद्यावर जागा बदलायचं काम कार्डाचं. भारतीय लिपी संगणकात साठवण्याच्या 1991 च्या इस्की प्रमाणकातही तोच क्रम. फॉन्टवाल्या पॅकेजांनी मात्र टाइपरायटरचे आकारच साठवले. टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेल्या हातांना तेच सोयीचं होतं, त्यामुळे तेच पसरलं.

आता तबकड्या. सापडल्या की लगेच कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. पाकिटाच्या खिडकीतून पृष्ठभाग बघा. पांढुरके डाग किंवा वर्तुळं दिसली तर बुरशी आहे. तशीच फिरवली तर लेप खरवडला जातो आणि ड्राइव्हचं वाचनशीर्षही बरबटतं. कडेने पाकीट उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून, पूर्ण वाळल्यावरच पुढे. लिहिण्यापासून बचावाची खाच नीट ओळखा, कारण 8 इंचीत ती पुढच्या 5.25 इंचीच्या उलट आहे: 8 इंचीत खाच उघडी असेल तर तबकडी सुरक्षित, चिकटपट्टीने झाकली असेल तर तिच्यावर लिहिता येतं. चिकटपट्टी असली तर काढा. मग मधल्या गोलाजवळच्या छोट्या भोकातून बघत तबकडी हाताने हळू फिरवा. एका फेरीत एकच भोक दिसलं तर भागांची आखणी चुंबकीय आहे. तीसेक भोकं दिसली तर भाग भोकांनीच ठरवलेले आहेत आणि त्यासाठी तशी वाचणी लागेल.

ड्राइव्ह 8 इंचीच हवा, आणि त्याला बहुधा 5 व्होल्टसोबत 24 व्होल्टही लागतात. जुन्या अमेरिकन ड्राइव्हची मोटर थेट मेन्सवर चालणारी असेल तर ती 60 हर्ट्झसाठी आहे. आपल्या 50 हर्ट्झवर तबकडी मिनिटाला 360 ऐवजी 300 फेरे घेईल आणि वाचणी चुकेल; व्होल्टेज उतरवून भागत नाही, पुली आणि पट्टा बदलावा लागतो. ड्राइव्ह पीसीला थेट जोडण्याऐवजी चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेणारं उपकरण वापरा. एकदाच वाचायचं, पूर्ण प्रतिमा साठवायची, उलगडा नंतर निवांत.

उलगडताना आधी कूट, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची पद्धत, ओळखायचं. डिस्प्लेरायटरचा मजकूर आयबीएमच्या एबसिडिक कूटात असतो, साध्या संपादकात उघडला की निव्वळ कचरा दिसतो. वर्डस्टारच्या फाइलमध्ये बाकी सगळं वाचता येतं, पण बहुतेक शब्दांचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं, कारण त्याचा आठवा बिट (‘हो-नाही’ची आठवी खूण) चढवलेला असतो. तो उतरवला की मजकूर सरळ होतो. उतरवण्याआधी मूळ प्रत बाजूला ठेवा. साधा आणि पक्का रिटर्न यांतला फरकही त्याच बिटमध्ये आहे, आणि तो गेला की परिच्छेद कुठे संपतो ते कळत नाही. मराठी मजकूर असेल तर ‘कि’ किंवा ‘नि’ येणारा एखादा ओळखीचा शब्द शोधा. वेलांटीचं चिन्ह व्यंजनाच्या आधी आलं असेल तर फॉन्टचे आकार साठवलेले आहेत. त्या नेमक्या फॉन्टचा तक्ता मिळाल्याशिवाय युनिकोडमध्ये नेता येणार नाही, म्हणून फॉन्टच्या फाइली त्याच कपाटात आहेत का ते आधी बघा. वेलांटी व्यंजनानंतर असेल तर बहुधा इस्की, आणि ते बरंच सोपं.